पाल आणि तंबू : उघड्यावरच्या मुक्कामाचे नियम नेमके कोणासाठी?



विषयाचं नाव वाचून आपल्यापैकी काहीजण गोंधळले असतील. आमचंही तसंच झालं होतं. 'बाईकपॅकिंग' हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा वाटलं, मोटारसायकलवर सामान लादून जायचं काहीतरी असेल, कारण आपल्या परभणीत बाईक म्हणजे मोटारसायकलच. पण ही बाईक म्हणजे आपली पायानं मारायची सायकल. तिच्या हँडलला, दांडीला, सीटखाली पिशव्या बांधायच्या, त्यात तंबू, पांघरूण, छोटी शेगडी आणि दोन कपडे कोंबायचे, डांबरी सडक सोडून पांदीनं, कालव्याच्या कडेनं निघायचं आणि दिवस मावळेल तिथं मुक्काम करायचा. ज्याला हे एकट्यानं जमत नाही, त्याच्यासाठी वाटाड्यासह सहल असते. पैसे भरायचे; वाट, जेवण, मुक्कामाची जागा सगळं ठरलेलं.

गेल्या दिवाळीनंतर जिल्ह्यातले चार-पाच तरुण एक माहितीपत्रक घेऊन आमच्या घरी आले. त्यांना अशा सहली सुरू करायच्या आहेत. सेलूहून निघायचं, चारठाण्याची जुनी देवळं बघायची, जिंतूरजवळच्या नेमगिरीची जैन लेणी बघायची, मग दक्षिणेला वळून गोदावरी गाठायची आणि जनाबाईच्या गंगाखेडला सांगता करायची. कल्पना छान आहे. मुलं कष्टाळू आहेत. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी जाण्याऐवजी इथंच काही करू पाहतात, याचं आम्हाला कौतुक आहे. त्यांनी पत्रकासाठी आमचे दोन शब्द मागितले. आम्ही दोन शब्द दिले नाहीत. म्हणालो, आधी तुमच्या पत्रकावर आम्हाला बोलू द्या. ती मुलं आज इथं समोर बसली आहेत. तेव्हा हे बोलणं त्यांच्या साक्षीनं आहे, त्यांच्या पाठीमागे नाही.

पत्रकातल्या एका शब्दापासून सुरुवात करू. 'जंगली मुक्काम'. इंग्रजी शब्दाचं सरळ भाषांतर. पुढे लिहिलंय, जिथं कोणी नाही अशा अस्पर्श जागी रात्र घालवा. आता आपण सगळे या जिल्ह्यात वाढलेलो आहोत. आम्हाला सांगा, परभणी जिल्ह्यात जंगल आहे कुठं? उत्तरेला जिंतूरकडचे डोंगर सोडले, तर सगळी काळी कसदार जमीन. इथं वितभर रान पेरल्याशिवाय कोणी सोडत नाही. आणि 'जिथं कोणी नाही' अशी जागा तर नाहीच नाही. वाहितीचं शेत एखाद्याच्या सातबाऱ्यावर आहे. पडीक दिसतं ते गायरान आहे. नदीकाठची मोकळी जागा मळईची, तिथं उन्हाळ्यात टरबुजाच्या वाड्या लागतात. जलाशय आटल्यावर जी ओलसर जमीन उघडी पडते ती गाळपेराची, तीही वर्षाच्या करारानं कोणाला तरी कसायला दिलेली असते. झाडाखालचा पार म्हसोबाचा. कालव्याचा भराव पाटबंधाऱ्याचा.

आपल्याकडे जागेला नाव असतंच. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गोदाकाठानं हिंडले. त्यांच्या मुक्कामाच्या जागा महानुभावांनी पुढे 'स्थानपोथी'त टिपून ठेवल्या. देऊळ कुठलं, दार कुठल्या दिशेला, वस्ती कुठे झाली, हे सगळं त्यात आहे. सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसाचा मुक्कामसुद्धा निनावी जागेत झाला नाही. मग पंचवीस किलोमीटर सायकल मारून आलेल्याला ती जागा निनावी का वाटावी?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही अनेक वर्षं कांट शिकवला. १७९५ साली त्यानं शाश्वत शांतीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो परक्या माणसाच्या हक्काबद्दल बोलतो. पृथ्वी गोल आहे, माणसं पसरून पसरून किती पसरणार, शेवटी एकमेकांच्या दारात येणारच. म्हणून परक्याला दुसऱ्याच्या भूमीवर पाय ठेवल्याबद्दल शत्रूसारखं न वागवलं जाण्याचा हक्क आहे. पाहुणचार मागण्याचा हक्क मात्र नाही. तो यजमानानं स्वतःहून द्यायचा. आणि त्याच ठिकाणी कांट युरोपातल्या व्यापाऱ्यांना धारेवर धरतो. अमेरिकेत, आफ्रिकेत गेले आणि म्हणाले, ही जमीन कोणाचीच नाही. का? कारण तिथं राहणाऱ्या माणसांना त्यांनी माणसात मोजलंच नाही. पत्रक लिहिणाऱ्या मुलांच्या मनात असलं काही नव्हतं, हे आम्हाला माहीत आहे. पण 'जिथं कोणी नाही' हे वाक्य त्याच घराण्यातलं आहे. आमचा पहिला आक्षेप तो.

आता नियमांकडे येऊ. मुलांनी आम्हाला विचारलं होतं, सर, उघड्यावर तंबू टाकायला कायद्यानं बंदी आहे का? याचं एका वाक्यात उत्तर नाही. राखीव वनात विनापरवाना शिरणं आणि विस्तव पेटवणं याला १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानं मनाई आहे. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवाना लागतो. गायरान ही महसुलाच्या भाषेत विशिष्ट कामासाठी नेमून दिलेली जमीन. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे तिचा दुसरा वापर परवानगीशिवाय करता येत नाही. राहिली खाजगी शेतं. तिथं दिवाणी हक्क मालकाचा. पण अतिक्रमणाचा फौजदारी गुन्हा होण्यासाठी नुसतं शिरणं पुरत नाही; गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा इरादा लागतो. जुन्या दंडसंहितेत तसं होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तसंच आहे. म्हणजे ज्वारीच्या धुऱ्यावर थकून झोपलेला सायकलवाला लगेच गुन्हेगार ठरत नाही. मालकानं उठ म्हटलं की उठायचं.

सहल चालवणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनानं साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. जमीन, पाणी आणि हवा, तिन्हीकडचे साहसी उपक्रम त्यात येतात. आयोजकानं नोंदणी करायची, प्रशिक्षित माणसं ठेवायची, सुरक्षेची व्यवस्था दाखवायची. याला आमचा अजिबात विरोध नाही. दुसऱ्याच्या लेकराला पैसे घेऊन डोंगरात नेणाऱ्यानं प्रथमोपचार शिकलेला असलाच पाहिजे. पण हे सगळे नियम नीट वाचले की एक गोष्ट ध्यानात येते. येणाऱ्याचा जीव सांभाळण्यासाठी नियम आहेत. झाडं, प्राणी आणि सरकारी जमीन सांभाळण्यासाठी नियम आहेत. ज्यांच्या शेजारी आपण रात्र काढणार, त्या माणसांसाठी मात्र कुठं ओळ सापडत नाही. नियमांच्या नकाशातही ती जागा रिकामीच.

हे आम्ही नुसतं पुस्तकातून बोलत नाही. एक प्रसंग सांगतो. सांगताना संकोच वाटतो, पण सांगायलाच हवा.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. बाहेरगावच्या एका कंपनीची अशीच वाटाड्यासह सायकल सहल जिल्ह्याच्या उत्तर भागात आली होती. नऊजण होते. शेकोटीभोवती या भागाचा इतिहास सांगायला आम्हाला बोलावलं होतं. आम्ही जीपनं गेलो, या वयात सायकल कुठली! एका जलाशयाच्या काठी, पाणी मागे हटलेल्या उतारावर, रंगीत तंबू लागले होते. दीड-दोनशे पावलांवर मेंढपाळांचा वाडा बसला होता. जाळीची वाघर लावून मेंढ्या आत कोंडलेल्या, बाजूला तीन पालं, दोन घोडी, चूल पेटलेली.

रात्री आठच्या सुमाराला दोन सरकारी माणसं आली. कुठल्या खात्याची ते सोडून देऊ. वाटाड्यानं त्यांना एक कागद दाखवला. त्यांनी टॉर्च मारून बघितला. त्यातल्या एकानं आम्हाला ओळखलं, सर म्हणून वाकून नमस्कार केला. खुर्च्या आल्या, चहा झाला. जाताना ते मेंढपाळांकडे वळले. आवाज आमच्यापर्यंत स्पष्ट येत होता. पाहुणे आलेत, तुमची कुत्री भुंकतात, रात्री काही इकडचं तिकडं झालं तर आम्हाला निस्तरावं लागेल, उठवा वाडा. एक म्हातारा म्हणाला, "सायब, लेकरं झोपलीत, सकाळी उठतो की." मग पुढं काही बोलणं झालं, ते कळलं नाही. अर्ध्या तासानं वाघर सुटली. एका बाईनं झोपलेलं पोर घोडीवर बांधलं. अंधारात मेंढ्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आम्ही शेकोटीपाशी बसून चारठाण्याच्या देवळांबद्दल बोलत होतो. बोलत राहिलो.

सकाळी गाळपेर कसणारा शेतकरी आला, तो संतापलेला होता. मेंढ्या त्यानं बोलावल्या होत्या. आपल्याकडे रीतच आहे. रान मोकळं झालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो, दोन-चार रात्री शेतात मेंढ्या बसवतो. लेंडीचं आणि मुताचं खत जमिनीला मिळतं. त्याबद्दल शेतकरी धान्य देतो किंवा पैसे देतो. त्या शेतकऱ्यानं ज्वारी देऊन ठेवली होती. आणि वाटाड्याच्या हातातला तो कागद? आम्ही नंतर मागून बघितला. तो कंपनीच्या नोंदणीचा कागद होता. त्यात या जागेचा उल्लेखही नव्हता.

जरा हिशेब मांडा. ज्यांना जमीन कसणाऱ्यानं स्वतः बोलावलं होतं, ते उठले. ज्यांनी कोणालाच विचारलं नव्हतं, ते झोपले. ज्यांच्या मुक्कामानं जमीन सुपीक होते म्हणून शेतकरी उलट त्यांनाच मोबदला देतो, ते उपद्रवी ठरले. ज्यांनी मुक्कामाचे पैसे शहरातल्या कंपनीला दिले आणि शेतकऱ्याला छदामही दिला नाही, ते पाहुणे ठरले. नियम तर कोणी मोडला नाही. कारण तिथं नियमाप्रमाणे काही चाललंच नव्हतं. माणसं बघून निकाल दिला गेला. आणि तो निकाल द्यायला आमचा पांढरा सदराही उपयोगी पडला, हे आम्ही विसरू शकत नाही.

भाषेत बघा. दोन्ही वस्तू एकच. काठ्या रोवायच्या, वर कापड ताणायचं. एकाला तंबू म्हणतात, दुसऱ्याला पाल. तंबूत राहणारा पर्यटक, पालात राहणारा भटका. तंबूवाला एका रात्रीसाठी घर सोडून आलेला असतो, म्हणून त्याचं उघड्यावर झोपणं साहस. पालवाल्याला सोडायला घरच नसतं, म्हणून त्याचं झोपणं संशयास्पद.

हा संशय आपोआप उगवलेला नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढच्या काळात तो देशभर पसरला. माणूस जन्मला त्या जमातीवरून गुन्हेगार. हजेरी द्यायची, गाव सोडताना सांगायचं, नव्या गावी पोचल्यावर वर्दी द्यायची. हा कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या. कायदा गेला, सवय राहिली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं, तेव्हा मध्यमवर्गीय मराठी वाचकाला पहिल्यांदा कळलं, की गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाला रोज संध्याकाळी मुक्कामाच्या जागेचाच प्रश्न असतो. आणि १९५९ चा मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायदा बघा. उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही आणि माणूस सार्वजनिक जागी फिरतोय किंवा थांबलाय, भीक मागून जगत असावा असं वाटतंय, तर तेवढ्यानं तो भिकारी या व्याख्येत बसू शकतो. हात पसरलाच पाहिजे असं नाही. नऊ सायकलवाल्यांच्या अंगावर तरी उपजीविकेचं कोणतं साधन दिसत होतं? पण त्यांच्या सायकलींची किंमत दिसत होती.

कोणी म्हणेल, सर, हे आपल्याकडेच. बाहेर बघा, तिकडे उघड्यावर मुक्कामाचा हक्क आहे. खरं आहे. नॉर्वेत १९५७ पासून कायदाच आहे: राहत्या घरापासून दीडशे मीटर दूर तंबू टाका, एका जागी मालकाला न विचारता दोन रात्रींपेक्षा जास्त राहू नका. स्कॉटलंडनं २००३ साली जबाबदारीनं वागण्याच्या अटीवर असाच हक्क दिला. इंग्लंडमध्ये फक्त डार्टमूर नावाच्या माळावर तो आहे, आणि त्यावरून अलीकडेच मोठा खटला झाला. जमीनदार म्हणाले, १९८५ चा कायदा मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यासाठी माळावर यायला परवानगी देतो. झोपणं हा काय विरंगुळा आहे? २०२३ च्या जानेवारीत उच्च न्यायालयानं त्यांचं ऐकलं, जुलैत अपील न्यायालयानं फिरवलं आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, हो, तंबू टाकून झोपणं हाही विरंगुळाच.

हा निकाल वाचून आम्हाला आनंद झाला. मग थोडं थांबून दुसराही विचार आला. त्याच इंग्लंडमध्ये १८२४ चा भटक्यांविरुद्धचा कायदा होता, ज्यानं बेघर माणसाचं उघड्यावर झोपणं जवळपास दोनशे वर्षं गुन्हा ठरवलं. म्हणजे विरंगुळा म्हणून झोपलात तर हक्क, गरज म्हणून झोपलात तर अपराध. तेव्हा तिकडचा नियम जसाच्या तसा उचलून आणला तर आपल्या जलाशयावरचा अन्याय मिटेल, असं समजू नका. तो फक्त पक्क्या अक्षरात लिहिला जाईल. नॉर्वेच्या नियमातून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: तिथला नियम अंतर मोजतो आणि रात्री मोजतो, माणसाची ऐपत मोजत नाही.

आता वाटाड्याच्या सहलीबद्दल. काही जुने सायकलपटू अशा सहलींना नाक मुरडतात. पैसे देऊन साहस कसलं, म्हणतात. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ साली फेरी पुरी करून परतले. सत्तर हजार किलोमीटरांच्या आसपास अंतर, वाटेत वाळवंटं, आणि नेणारा कोणी नाही. आजही ब्रेव्हे नावाच्या ज्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या होतात, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे चाळीस तासांत, त्यात दुसऱ्याची मदत घेऊन चालत नाही. स्वावलंबनाची ही परंपरा थोर आहे. पण सोबतीनं, नेमानं, कोणाच्या तरी मागे जाण्यात कमीपणा आहे हे आम्ही मानत नाही. बाबा आमट्यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर, आणि पाठीच्या दुखण्यामुळे बसताही न येणारे बाबा गाडीत आडवे पडून सोबत. तीही नेलेली सहलच होती की! पण गावोगावी मुक्काम करायचा तो तिथल्या माणसांना भेटण्यासाठी. माणसं टाळण्यासाठी नव्हे.

आणि आपल्या दारावरून दरवर्षी जाते ती शेगावच्या गजानन महाराजांची पालखी. आषाढीच्या आधी ती परभणीतून गंगाखेडला जाते. काही शे वारकरी, पांढरे कपडे, ओळीत चालणं, उठायची वेळ ठरलेली, मुक्कामाची गावं ठरलेली. याहून नेमानं नेलेली यात्रा कोणती? पण तिथं मुक्कामाचं गाव हे यजमान असतं. महिनाभर आधी गावात चर्चा सुरू होते, यंदा भाकरी कोणाकडे, पिठलं कोणाकडे, शाळेच्या खोल्या कोणी झाडायच्या. वारकऱ्याला गाव माहीत असतं आणि गावाला वारकरी माहीत असतो. बाजारातली सहल याच्या उलट वागते. वाटाड्या गिऱ्हाईक आणि गाव यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राहतो. गिऱ्हाइकाला गाव दिसू नये, हेच त्याचं कौशल्य. आमचा दुसरा आक्षेप हा. पैसे घेण्यावर आमचं काही म्हणणं नाही. एकटेपणाचा देखावा विकला जातो, त्यावर म्हणणं आहे.

इथं आम्हाला स्वतःलाही आवरलं पाहिजे. म्हातारपणी माणूस पटकन म्हणतो, पूर्वी बघा कसं होतं, वाटसरूला कोणी उपाशी ठेवत नसे, देवळात पथारी टाकली की झालं. कोणत्या वाटसरूला? १९३४ साली डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळ बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. आपल्याच मराठवाड्यात, तेव्हा निजामाचं राज्य. प्रवासाच्या धुळीनं माखलेल्या त्या मंडळींनी दारातल्या हौदावर हातपाय धुतले. एवढ्यावरून लोक अंगावर धावून आले, हौद बाटवला म्हणून. सहलीला आलेला, बॅरिस्टर झालेला माणूस. पण पाण्यापाशी त्याला त्याची जात विचारली गेली. बाबासाहेबांनी हा अनुभव स्वतः लिहून ठेवलाय. तेव्हा जुन्या पाहुणचाराच्या भरवशावर नियमच नकोत, असं आम्ही म्हणणार नाही. पाहुणचार हा देणाऱ्याच्या मर्जीवर असतो, आणि मर्जीला जात असते, ऐपत असते. म्हणूनच नियम हवेत. पण असे हवेत, की अंधारात टॉर्च मारून माणूस बघायची गरज पडू नये.

मग या मुलांनी काय करावं? आम्ही प्रशासक नाही, पण पत्रकात चार गोष्टी छापाव्यात असं सुचवतो.

पहिली, 'जंगली' आणि 'अस्पर्श' हे शब्द काढा. मुक्कामाच्या प्रत्येक जागेचं खरं नाव लिहा: कोणत्या गावच्या शिवारात, शेत असेल तर मालकाच्या होकारानं, गायरान असेल तर ग्रामपंचायतीत विचारून आणि महसुलाची लागेल ती परवानगी काढून.

दुसरी, मुक्कामाचे पैसे जागा देणाऱ्याच्या हातात द्या. आपल्याकडे शेतात राहायला आखाडे आहेत, पौष-माघात हुरडा आहे, विहिरीला पाणी आहे. आपल्या कृषी विद्यापीठाच्या नावानं 'परभणी मोती' ज्वारी महाराष्ट्रभर गेली. त्या ज्वारीच्या शेतात, जागलीला आलेल्या माणसाशेजारी झोपणं हा कोणत्याही तंबूपेक्षा मोठा अनुभव आहे. पावसाळ्यात मात्र येऊच नका. काळ्या मातीचा चिखल चाकात असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि पेरलेलं रान तुडवलं जातं ते वेगळंच.

तिसरी, मागे काय राहील ते सांगा. मेंढपाळ खत ठेवून जातो. तुम्ही काय ठेवून जाणार? निदान राख विझवलेली, चर बुजवलेला, कचरा परत नेलेला. उसाच्या पाचटात किंवा कडब्याच्या गंजीजवळ विस्तव नको, हे वेगळं सांगायला नको.

चौथी आणि आमच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची: आधी आलेल्याला उठवून आपला तंबू लागणार नाही. जागेवर पाल असेल, वाडा असेल, ऊसतोडीला निघालेल्यांच्या गाड्या थांबल्या असतील, तर त्यांचा मुक्काम आधी. आपण सरकायचं. कोणी अधिकारी आपल्यासाठी त्यांना उठवू लागला, तर सहलीनं त्याच रात्री आपलाही मुक्काम हलवायचा. हे छापा, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचायला लावा. ज्याला पटणार नाही तो येणार नाही. तेवढं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या. या जिल्ह्यातल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातली कितीतरी कुटुंबं दरवर्षी कारखान्यांच्या फडावर जाऊन सहा-सहा महिने कोप्यांत राहतात. उघड्यावरचा मुक्काम म्हणजे काय, हे परभणीला कोणी शिकवायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यातून निघालेल्या सहलीनं तरी ते विसरू नये.

आमचं बोलणं इथं संपलं. वेळ आहे, एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांपैकी एका तरुणानं विचारलं : एवढ्या ठिकाणी विचारत बसलो तर सायकल चालवायची कधी?)

मेंढपाळ कसं करतो बघा. तो दुपारी एक माणूस पुढं पाठवतो. तो आखाड्यावर जाऊन बसतो, पाणी पितो, बोलणी करतो. संध्याकाळी मागून वाडा येतो. तासाभराचं काम. वाटाड्याचं खरं काम तेच आहे. वाट तर आता मोबाईलही दाखवतो.

(एका विद्यार्थिनीनं विचारलं : सर, त्या रात्री तुम्ही गप्प का बसलात?)

याचं उत्तर आम्ही बरेच दिवस शोधतोय. भीती नव्हती. त्या माणसानं आमचं ऐकलंही असतं. खरं सांगायचं तर, त्यानं आत्ताच वाकून नमस्कार केला होता, त्यानं मागवलेला चहा आमच्या हातात होता, आणि आपण आता काही बोललो तर बैठकीचा रंग जाईल असं वाटलं. बास, एवढंच. उभं आयुष्य नीतिशास्त्र शिकवलेला माणूस एका कप चहानं गप्प बसला. त्या म्हाताऱ्याला आम्ही नंतर दोन-तीन ठिकाणी विचारत गेलो. वाडा पुढं कुठं गेला, कोणाला सांगता आलं नाही. म्हणून त्या मुलांच्या पत्रकावर दोन शब्द लिहायच्या आधी आम्हाला हे सगळं बोलून घ्यायचं होतं. चौथी गोष्ट त्यांनी छापली, तर आम्ही लिहू.